आपल्याच माणसाला समन्स

२४ फेब्रुवारी १९८८. वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्र उलटून तासाभराहून अधिक वेळ झाला होता. अमेरिकन सिनेटच्या दारापाशी ओरेगन राज्याचे सिनेटर बॉब पॅकवूड यांना आणले गेले आणि तिथे ते अडून बसले. स्वतःच्या पायांनी आत जाणार नाही, उचलून न्यायचे असेल तर न्या, असा त्यांचा पवित्रा होता. शेवटी सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्यांना उचलले आणि पाय पुढे, डोके मागे अशा अवस्थेत सभागृहात आणले. घड्याळात १ वाजून १७ मिनिटे झाली होती.

भांडण निवडणूक खर्चावर मर्यादा आणणाऱ्या विधेयकाचे होते. रिपब्लिकन सदस्यांनी ते रोखून धरले होते आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते रॉबर्ट बर्ड यांनी रात्रंदिवस सभागृह चालू ठेवून त्यांना जेरीस आणायचे ठरवले होते. त्यावर रिपब्लिकनांनी सोपा उपाय काढला. सगळेच उठून निघून गेले. गणसंख्या नाही म्हणजे कामकाज नाही. बर्ड हे सिनेटच्या नियमांचे चालतेबोलते पुस्तक. गैरहजर सदस्यांना अटक करून आणण्याचा ठराव त्यांनी मांडला आणि उरलेल्यांनी तो ४५ विरुद्ध ३ मतांनी संमत केला. वॉरंट हातात घेऊन निघाले सार्जंट-ॲट-आर्म्स हेन्री जूनी. आपल्या विधिमंडळात मार्शल असतो तसे हे पद, पण अधिकार कितीतरी मोठे. जूनी पूर्वी होनोलुलूत पोलिसात होते. आयडाहोचे स्टीव्ह सिम्स त्यांना दिसले आणि चक्क पळाले. कनेक्टिकटचे लोवेल वायकर भेटले, पण अंगापिंडाने दणकट आणि स्वभावाने भडक अशा त्या गृहस्थाच्या वाटेला न जाण्याचा शहाणपणा जूनींनी दाखवला. पॅकवूड आपल्या कार्यालयात दार लावून, दाराला खुर्ची टेकवून बसले होते. या झटापटीत त्यांचे आधीच दुखावलेले बोट पुन्हा दुखावले.

विधेयक काही संमत झाले नाही. पण लोकप्रतिनिधीने सभागृहाचे बोलावणे धुडकावले तर सभागृह काय करू शकते, या जुन्या प्रश्नाचे एक उत्तर त्या रात्री साऱ्या देशाने पाहिले. त्याच प्रश्नाचे दुसरे आणि फार महागडे उत्तर पाच वर्षांनी याच पॅकवूड यांच्या निमित्ताने मिळायचे होते.

अमेरिकन राज्यघटना या बाबतीत दोन तोंडांनी बोलते. पहिल्या अनुच्छेदाचे पाचवे कलम म्हणते की गैरहजर सदस्यांना हजर राहायला भाग पाडण्याचा, बेशिस्तीबद्दल शिक्षा करण्याचा आणि दोन तृतीयांश मतांनी हाकलून देण्याचाही अधिकार प्रत्येक सभागृहाला आहे. लगेच पुढचे, सहावे कलम म्हणते की देशद्रोह, गंभीर गुन्हा आणि शांतताभंग सोडल्यास अधिवेशनकाळात सदस्याला अटक होणार नाही आणि सभागृहातल्या भाषणाबद्दल त्याला अन्यत्र कुठेही जाब विचारता येणार नाही. राजाने बोलक्या खासदारांना तुरुंगात टाकू नये म्हणून इंग्लंडच्या पार्लमेंटने मिळवलेले हे संरक्षण अमेरिकेने उचलले. बाहेरच्या कोर्टाने, पोलिसाने, अध्यक्षाने हात लावायचा नाही, घरात मात्र घरच्यांनी कान धरावा, अशी ही रचना. कागदावर पाहिले तर सभागृहाचा सर्वात कडक अधिकार आपल्याच सभासदांवर चालतो. प्रत्यक्षात सव्वादोनशे वर्षांत हा अधिकार बाहेरच्यांवर सढळपणे चालला आणि घरातल्यांवर फार जपून.

सुरुवातही बाहेरच्यावरच झाली. १८१८ साली कर्नल जॉन अँडरसन नावाच्या एका माणसाने आपला दावा मंजूर करून घेण्यासाठी नॉर्थ कॅरोलायनाचे प्रतिनिधी लुईस विल्यम्स यांना पत्र लिहून ५०० डॉलर देऊ केले. विल्यम्स यांनी ते पत्र थेट सभागृहात वाचायला दिले. सार्जंट थॉमस डन यांनी अँडरसनला धरून आणले आणि सभापती हेन्री क्ले यांनी त्याला सर्वांदेखत खडसावले. अँडरसन गप्प बसला नाही. बेकायदा अटकेबद्दल त्याने सार्जंटवरच दावा लावला. सुप्रीम कोर्टाने १८२१ मध्ये निकाल दिला की अवमानाबद्दल अटक करण्याचा अधिकार सभागृहाला आहे, घटनेत तसे शब्द नसले तरी आहे, कारण त्याशिवाय सभागृहाला स्वतःचे संरक्षणच करता येणार नाही. पण कैद अधिवेशन चालू असेपर्यंतच. सभागृह उठले की कैदी सुटला.

या शेवटच्या अटीने पुढचे सगळे राजकारण घडवले. अधिवेशन संपायला पंधरा दिवस उरले असतील तर बोलावणे धुडकावणाऱ्याला पंधरा दिवसांपेक्षा जास्त भिण्याचे कारण नव्हते. जानेवारी १८५७ मध्ये हे उघड्यावर आले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वॉशिंग्टनमधले बातमीदार जेम्स सायमंटन यांनी लिहिले की जमिनींच्या एका विधेयकासाठी काही प्रतिनिधी आपली मते विकत आहेत. प्रतिनिधिगृहाने चौकशी समिती नेमली आणि सायमंटनना बोलावले. काही सदस्यांनी स्वतःच आपल्याशी हे बोलणे केले असे त्यांनी सांगितले, पण नावे सांगायला नकार दिला. सभागृहाने त्यांना ताब्यात घेतले आणि घाईघाईने नवा कायदा करून टाकला. काँग्रेसपुढे साक्ष द्यायला नकार हा यापुढे साधा फौजदारी गुन्हा, खटला कोर्टात चालणार, शिक्षा अधिवेशनाबरोबर संपणार नाही. २४ जानेवारीला त्यावर अध्यक्षांची सही झालीसुद्धा. मते विकल्याच्या आरोपावरून सुरू झालेल्या प्रकरणात पहिला कैदी झाला तो बातमीदार, हा योग बोलका आहे. पण एवढ्यावर थांबले तर त्या सभागृहावर अन्याय होईल. समितीने चार सदस्यांच्या हकालपट्टीची शिफारस केली आणि त्यांपैकी न्यूयॉर्कचे तिघे, गिल्बर्ट, एडवर्ड्स आणि मॅटेसन, यांनी राजीनामे दिले.

तेव्हापासून सभागृहाच्या हाती दोन काठ्या झाल्या. जुनी काठी म्हणजे सार्जंट पाठवून स्वतः धरून आणायचे. नवी म्हणजे प्रकरण सरकारी वकिलाकडे सोपवायचे. जुनी काठी फिरवताना पाठीवर वळ उठला तो मात्र सार्जंटच्याच. १८७६ साली हॅलेट किलबर्न नावाच्या जमिनीच्या दलालाने जे कुक कंपनीच्या दिवाळखोरीशी जोडलेल्या एका व्यवहाराची कागदपत्रे द्यायला नकार दिला आणि सभागृहाने त्याला ४५ दिवस तुरुंगात ठेवले. १८८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटले की लोकांच्या खासगी व्यवहारात असे डोकावण्याचा अधिकार काँग्रेसला नाही. अटकेचा ठराव करणारे सदस्य घटनेच्या संरक्षणाखाली नामानिराळे राहिले. हुकूम पाळणाऱ्या सार्जंट थॉम्पसन यांच्यावर मात्र नुकसानभरपाईचा दावा चालू शकतो, असे ठरले.

त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक चौकशी समित्या जरा बिचकूनच वागल्या. त्यांना बळ आले १९२७ मध्ये. माजी महान्यायवादी हॅरी डॉर्टी यांच्या कारभाराची सिनेट चौकशी करत होती आणि त्यांचे बँकर बंधू मॅली डॉर्टी ओहायोतून हलायला तयार नव्हते. उपसार्जंट जॉन मॅकग्रेन त्यांना अटक करायला सिनसिनाटीला गेले. प्रकरण कोर्टात गेले आणि कायदे करायचे तर माहिती हवी, माहिती हवी तर ती सक्तीने मिळवण्याचा अधिकार हवा, असे सांगत सुप्रीम कोर्टाने सिनेटची बाजू उचलून धरली. आठ वर्षांनी, १९३५ मध्ये, समन्स आल्यावर हवाई टपालाच्या ठेक्यांचे कागद अशिलांना नेऊ देणाऱ्या वकील विल्यम मॅक्रॅकन यांची दहा दिवसांची शिक्षाही कोर्टाने वैध ठरवली. त्या दाव्यात सार्जंट होते चेस्ली जर्नी. त्यानंतर सिनेटने किंवा प्रतिनिधिगृहाने अवमानाबद्दल कुणाला स्वतः कोंडून ठेवलेले नाही. जुनी काठी कोनाड्यात गेली ती गेलीच.

पण जर्नींच्या नशिबी एक सिनेटरही होता. नोव्हेंबर १९४२ मध्ये दक्षिणेकडचे सदस्य मतदान-कर रद्द करणारे विधेयक अडवून धरत होते आणि गणसंख्या भरू देत नव्हते. नेते अल्बन बार्कली यांनी गैरहजर सदस्यांना आणण्याचा हुकूम काढला. टेनेसीचे केनेथ मॅकेलर हे सिनेटमधले वजनदार म्हातारे. मेफ्लॉवर हॉटेलातल्या त्यांच्या बिऱ्हाडातून त्यांना जर्नींच्या सहायकाने आणले. मॅकेलर संतापाने लाल झाले. पुढच्याच वर्षी सार्जंटच्या खुर्चीत दुसरे गृहस्थ बसलेले दिसले. सार्जंटची नेमणूक सिनेटर करतात, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. ज्याने पकडायचे त्याची नोकरी ज्याला पकडायचे त्याच्या मतावर. १९८८ मध्ये जूनींनी वायकरना सोडले यात नवल नाही.

गणसंख्येसाठी धरून आणणे तरी सोपे. माणूस सभागृहात दिसला की काम झाले, त्याला बोलावे लागत नाही. डिसेंबर १८४० मध्ये स्प्रिंगफील्डला इलिनॉयच्या विधानसभेत गणसंख्या मोडायला तरुण अब्राहम लिंकननी खिडकीतून उडी टाकली, पण त्यांची हजेरी आधीच लागली होती. उडी फुकट गेली आणि विरोधकांना आयता विनोद मिळाला. साक्षीचे तसे नाही. साक्षीदाराला खुर्चीत आणून बसवता येते, त्याच्या तोंडून शब्द काढायला सार्जंटचा काही उपयोग नाही.

याचा सर्वात पक्का अनुभव सिनेटला जोसेफ मॅकार्थी यांच्याकडून आला. ऑगस्ट १९५१ मध्ये कनेक्टिकटचे सिनेटर विल्यम बेंटन यांनी त्यांच्या हकालपट्टीची मागणी केली. प्रकरण विशेषाधिकार आणि निवडणूक उपसमितीकडे गेले. आधी गाय गिलेट आणि मग थॉमस हेनिंग्ज हे तिचे अध्यक्ष. समितीने मॅकार्थींच्या पैशांच्या व्यवहारांबद्दल प्रश्न काढले आणि त्यांना या, उत्तरे द्या, म्हणून पुन्हा पुन्हा कळवले. ते आले नाहीत. उलट समितीच्या सदस्यांवरच पत्रांतून आणि जाहीरपणे तोंडसुख घेतले. सहकारी सिनेटरला सक्तीचे समन्स धाडणे त्या काळच्या सिनेटला शोभणारे वाटत नव्हते. निमंत्रण पाठवायचे आणि सद्गृहस्थ येईल अशी आशा धरायची. २ जानेवारी १९५३ रोजी, सिनेटचे ते सत्र संपता संपता, हेनिंग्ज यांनी मॅकार्थींच्या साक्षीविनाच अहवाल दिला.

आणि महिन्याभरात काय झाले? सत्ता पालटली, रिपब्लिकन बहुमतात आले आणि मॅकार्थी स्वतः सिनेटच्या चौकशी उपसमितीचे अध्यक्ष झाले. निमंत्रणाला भीक न घालणारा माणूस आता लेखक, शिक्षक, सरकारी कारकून, लष्करी अधिकारी यांना समन्समागून समन्स धाडू लागला. नकार देणाऱ्यांवर अवमानाची कारवाई व्हावी म्हणून आग्रहही धरू लागला. अमेरिकन संसदीय इतिहासात दांभिकपणाची उदाहरणे उदंड आहेत, पण हे वरच्या पंक्तीत बसावे.

त्याची किंमत त्यांनी चुकवली, पण दीड-दोन वर्षांनी आणि वेगळ्याच वाऱ्यात. लष्कराशी पंगा घेऊन टेलिव्हिजनवर त्यांचे हसे झाल्यानंतर २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्यांचा निषेध केला. त्या ठरावात कम्युनिस्ट असल्याच्या खोट्या आळांचा किंवा बरबाद झालेल्या आयुष्यांचा उल्लेख नाही. पहिला ठपका आहे तो हेनिंग्ज यांच्या उपसमितीला सहकार्य न केल्याचा आणि तिच्या सदस्यांना शिवीगाळ केल्याचा. बाहेरच्यांशी तो कसा वागला यावर सिनेटचे एकमत होत नव्हते. घरच्या समितीला त्याने धुडकावले, यावर मात्र झाले.

प्रतिनिधिगृहाने १९६७ मध्ये दुसरा मार्ग धरला. हार्लेमचे ॲडम क्लेटन पॉवेल यांच्यावर समितीचा पैसा उधळल्याचे आरोप होते. खास समितीपुढे ते आले, पण वय, नागरिकत्व आणि वास्तव्य या घटनेत सांगितलेल्या तीन अटींपलीकडे उत्तर द्यायला त्यांनी नकार दिला. सभागृहाने त्यांना आतच घेतले नाही. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की निवडून आलेल्याला असे दाराबाहेर ठेवता येत नाही. आत घ्या, मग हवे तर दोन तृतीयांश मतांनी काढा.

आता पुन्हा पॅकवूड. नोव्हेंबर १९९२ मध्ये ते पाचव्यांदा निवडून आले आणि मतदानानंतर तीनच आठवड्यांत ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने दहा स्त्रियांच्या तक्रारी छापल्या. त्यांनी नको असताना जवळीक केली, जबरदस्तीने चुंबन घेतले, अशा त्या तक्रारी होत्या. गंमत अशी की गर्भपाताचा हक्क आणि स्त्रियांचे समान हक्क यांचे पॅकवूड हे रिपब्लिकन पक्षातले ठळक समर्थक. प्रकरण सिनेटच्या आचार समितीकडे गेले. या समितीची घडण नीट पाहिली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे शक्य झाले. तिच्यात सहा सदस्य, तीन डेमोक्रॅट आणि तीन रिपब्लिकन. सत्तेवर कुणीही असो, तिथे कुणाचेच बहुमत नाही. अध्यक्ष होते नेवाडाचे रिचर्ड ब्रायन, उपाध्यक्ष केंटकीचे मिच मॅककॉनेल.

ऑक्टोबर १९९३ मध्ये समितीच्या वकिलांपुढे जबानी देताना पॅकवूड यांनी आपल्या बचावासाठी स्वतःच्या डायरीचा दाखला दिला. समितीला तोवर ही डायरी ठाऊक नव्हती. ठाऊक झाली तेव्हा कळले की १९६९ पासून ते रोजचा वृत्तांत ध्वनिफितीवर बोलून ठेवत, सचिव तो टंकून काढे आणि त्याची आठ हजारांवर पाने साठली होती. स्वतःच्या बचावाला पुढे केलेला कागद मागितला जाणार, हे वकिली शिकलेल्या माणसाला कळायला हवे होते. त्यांनी १९८९ पर्यंतची बरीच पाने दिली. पण समितीच्या वकिलांना तक्रारींशी संबंध नसलेल्या, तरीही संशयास्पद नोंदी दिसू लागल्या आणि पॅकवूड यांनी हात आखडता घेतला. समितीने समन्स बजावले.

१ आणि २ नोव्हेंबर १९९३ हे दोन दिवस सिनेटने दुसरे काही केले नाही. पॅकवूड स्वतः उभे राहिले. खासगीपणाचा हक्क, स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क, मागणीचा अवास्तव विस्तार, असे त्यांचे मुद्दे. डायरीत इतर सदस्यांच्याही खासगी भानगडी आहेत, अशी वदंता आधीच पसरली होती आणि हे धमकावणे नव्हे, असा खुलासा त्यांना करावा लागला. तो खुलासा करावा लागणे हेच त्यांना नडले असावे. रॉबर्ट बर्ड यांनी त्यांना सभागृहात तोंडावर राजीनामा द्यायला सांगितले. मतदान झाले, ९४ विरुद्ध ६. समन्सची अंमलबजावणी कोर्टामार्फत करा, असा सिनेटचा हुकूम झाला. पाच वर्षांपूर्वी सार्जंट पाठवणाऱ्या सिनेटने या वेळी वकील पाठवला. १९७८ च्या कायद्याने सिनेटला आपले समन्स दिवाणी कोर्टातून बजावून घेण्याची सोय मिळाली होती. प्रतिनिधिगृहाला अशी सोय आजही नाही.

इतक्यात नवेच निघाले. मागणी होणार असे दिसताच पॅकवूड यांनी डायरीतल्या काही नोंदी बदलल्याचे त्यांच्या सचिवाच्या साक्षीतून कळले. न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी फिती आणि पाने कोर्टाच्या ताब्यात घ्यायला लावली आणि जानेवारी १९९४ मध्ये पॅकवूड यांचे सगळे आक्षेप फेटाळले. कुटुंब, वैद्यकीय आणि वकिलाशी झालेला संवाद अशा नोंदी झाकण्यासाठी त्रयस्थ नेमला गेला तो केनेथ स्टार. हेच स्टार पुढे अध्यक्ष क्लिंटन यांच्यामागे लागले. अपील कोर्टाने स्थगिती नाकारली. २ मार्च १९९४ रोजी सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनीही नाकारली. डायरी समितीच्या टेबलावर आली.

त्यानंतरही दीड वर्ष गेले. मधल्या निवडणुकीत रिपब्लिकन बहुमतात आले, मॅककॉनेल आचार समितीचे अध्यक्ष झाले आणि पॅकवूड अर्थ समितीचे. सत्तापालटाने इथेही सुटका व्हायला हरकत नव्हती. ती झाली नाही, कारण तीन-तीनच्या समितीत फुटायला जागाच नव्हती. ६ सप्टेंबर १९९५ रोजी समितीने एकमताने हकालपट्टीची शिफारस केली. लैंगिक गैरवर्तन, पुराव्यात फेरफार आणि विभक्त पत्नीला लॉबीवाल्यांकडून नोकरी मिळवून देण्याची खटपट, असे तीन ठपके. दुसऱ्या दिवशी पॅकवूड यांनी राजीनामा जाहीर केला. समितीने पुराव्याची दहा हजारांहून अधिक पाने जगापुढे ठेवली.

सभागृहाने आपल्याच माणसाला समन्स बजावून ते शेवटापर्यंत नेल्याचे याहून नीट उदाहरण अमेरिकेत सापडत नाही. त्याला कायद्याइतकाच आधार होता तो पक्षातल्या सहकाऱ्यांनी दिलेल्या मतांचा.

ती मते नसतील तर काय होते, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर १९७७ मध्ये लोकसभेत मधू लिमये आणि कंवरलाल गुप्ता यांनी इंदिरा गांधींविरुद्ध हक्कभंगाचा प्रश्न उपस्थित केला. मूळचे पुण्याचे लिमये तेव्हा बिहारमधल्या बांका मतदारसंघातून निवडून आले होते आणि संसदीय नियमांवरची त्यांची पकड कुणालाही घाम फोडणारी होती. मारुती कंपनीबद्दलच्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना पंतप्रधानपदी असताना इंदिराबाईंनी छळले, असा आरोप. विशेषाधिकार समितीपुढे त्या गेल्या, पण शपथ घ्यायला नकार दिला. तेव्हा त्या सदस्य नव्हत्या. पुढे चिकमगळूरमधून निवडून आल्या आणि १९ डिसेंबर १९७८ रोजी लोकसभेने २७९ विरुद्ध १३८ मतांनी त्यांचे सदस्यत्व काढून घेतले आणि त्यांना अधिवेशन संपेपर्यंतची कैद दिली. १८२१ च्या अँडरसन प्रकरणातली तीच मुदत. आठवड्याने, अधिवेशन संपताच, त्या तिहारमधून बाहेर आल्या आणि वर्षभरानंतर पुन्हा पंतप्रधान झाल्या. ७ मे १९८१ रोजी नव्या लोकसभेने जुना ठराव रद्द करून टाकला. एका बहुमताने दिलेली शिक्षा दुसऱ्या बहुमताने पुसली.

अमेरिकेतली सर्वात ताजी गाठ याच जातीची. ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉलवरील हल्ल्याच्या चौकशीसाठी प्रतिनिधिगृहाने खास समिती नेमली. अध्यक्ष मिसिसिपीचे बेनी थॉम्पसन, उपाध्यक्ष वायोमिंगच्या लिझ चेनी. रिपब्लिकन नेते केविन मॅकार्थी यांनी सुचवलेल्या पाच नावांपैकी जिम बँक्स आणि जिम जॉर्डन ही दोन सभापती नॅन्सी पेलोसी यांनी नाकारली, तेव्हा मॅकार्थी यांनी पाचही नावे मागे घेतली. समितीत रिपब्लिकन उरले ते चेनी आणि ॲडम किंझिंगर, दोघेही पेलोसी यांनी नेमलेले. आचार समितीचा समतोल इथे नव्हता. आणि ज्या जॉर्डन यांना समितीत बसायचे होते, त्यांचेच नाव लवकरच साक्षीदारांच्या यादीत आले.

डिसेंबर २०२१ पासून आधी विनंतीची पत्रे गेली, जुन्या शिरस्त्याप्रमाणे. नकार आले. १२ मे २०२२ रोजी पाच विद्यमान सदस्यांना समन्स निघाले: केविन मॅकार्थी, जिम जॉर्डन, स्कॉट पेरी, अँडी बिग्ज आणि मो ब्रूक्स. पाचांपैकी एकही आला नाही. समितीच बेकायदा आहे, असे त्यांच्याकडून सांगण्यात आले.

याच समितीच्या शिफारशीवरून सभागृहाने स्टीव्ह बॅनन आणि पीटर नव्हारो या सभागृहाबाहेरच्या साक्षीदारांच्या नकाराचे प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवले होते आणि दोघांनीही पुढे चार-चार महिन्यांचा तुरुंगवास भोगला. १८५७ चा कायदा बाहेरच्यांवर चालत होता. सदस्यांच्या बाबतीत समितीने तो वापरला नाही. कोर्टात गेले तर भाषण-संरक्षणाच्या कलमावर वर्षानुवर्षे वाद चालणार, आणि ३ जानेवारी २०२३ ला सभागृहाबरोबर समितीही संपणार हे सर्वांना माहीत होते. सिनेट सलग चालते, प्रतिनिधिगृह दर दोन वर्षांनी नव्याने जन्मते. टाळाटाळ करणाऱ्याला फक्त दिवस मोजायचे असतात. १९ डिसेंबर २०२२ रोजी समितीने मॅकार्थी, जॉर्डन, पेरी आणि बिग्ज यांची नावे सभागृहाच्या आचार समितीकडे पाठवली. ब्रूक्स सभागृह सोडूनच निघाले होते. अधिवेशनाचे पंधरा दिवस उरले होते.

७ जानेवारी २०२३ च्या पहाटे पंधराव्या फेरीत केविन मॅकार्थी सभापती झाले. जॉर्डन न्याय समितीचे अध्यक्ष झाले आणि काही आठवड्यांतच बड्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या प्रमुखांना त्यांच्या सहीची समन्से जाऊ लागली. चौघांविरुद्धची शिफारस आचार समितीत जिरली. २० जानेवारी २०२५ रोजी, पद सोडायला काही तास उरले असताना, अध्यक्ष बायडन यांनी आधीच माफी देऊन ठेवली ती समन्स काढणाऱ्यांना, म्हणजे थॉम्पसन, चेनी आणि समितीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांना. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने ६ जानेवारीच्या चौकशीसाठी न्याय समितीअंतर्गत नवी उपसमिती नेमली.